केएफसी यम! सेंटर, लुईव्हिल: खेळ बघायला उत्तम, हिशेब वाचायला अवघड

गेल्या हिवाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला होती. जानेवारीतल्या एका मंगळवारी कानटोपी, मफलर आणि माझा जुना जाड कोट असं सगळं तिच्या अंगावर चढवून आम्ही मेन स्ट्रीटवर उतरलो. ओहायो नदीवरून येणारा वारा डोळ्यांतून पाणी काढत होता. सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ती काचेची भलीमोठी इमारत समोर आली, आणि दारांतून लाल जर्सीवाली माणसं आत शिरताना दिसली, तशी आई फुटपाथवरच थांबली.

"अगं, हे एवढं सगळं कॉलेजच्या पोरांच्या खेळासाठी?"

"हो."

"मग बांधलं कुणी? कॉलेजनं?"

"नाही."

"मग?"

त्या "मग"चं उत्तर देता देता अख्खा सामना संपला, गाडीतही तेच बोलणं चाललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाही. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण मला विचारतात की मुलांना घेऊन सामन्याला जावं का, कुठे बसावं, पैसे वसूल होतात का. ते सगळं सांगतेच. पण मी पेशाने हिशेबाची बाई आहे. सांगलीत असताना सहा वर्षं नगरपालिकांचं आणि पतसंस्थांचं लेखापरीक्षण केलं, आता इथल्या एका रुग्णालयाच्या लेखा विभागात आहे. त्यामुळे एखादी इमारत आवडली की तिचा ताळेबंद बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय मी स्वतः कॉलेजात बास्केटबॉल खेळले आहे, सिमेंटच्या कोर्टावर, जिथे रेषा दरवर्षी आम्हीच चुन्याने मारायचो आणि नवा बॉल वर्गणी काढून घ्यायचो. ज्या खेळाला तिथे बॉलचे पैसे जमवताना नाकी नऊ यायचे, त्याच खेळाभोवती इथे केवढे पैसे फिरतात हे बघितलं की मी आजही थक्क होते.

आधी जागेबद्दल.

केएफसी यम! सेंटर हे युनिव्हर्सिटी ऑफ लुईव्हिलच्या बास्केटबॉल संघाचं घर, ऑक्टोबर 2010 मध्ये उघडलं. बास्केटबॉलच्या सामन्याला 22,000 च्या वर माणसं बसतात. कॉलेज संघाच्या घरच्या मैदानांत इतकी मोठी जागा देशभरात बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी आहे. नदी अगदी पायाशी आहे, आणि इंडियानाकडे जाणारा क्लार्क मेमोरियल पूल इमारतीला जवळजवळ खेटून जातो. सामन्याआधी अर्धा तास लवकर या आणि नदीच्या बाजूच्या काचेपाशी उभ्या राहा. संध्याकाळी पुलावरचे दिवे लागतात, खाली पाणी काळं होत जातं. आईला सामन्याइतकंच ते आवडलं. "आपल्या आयर्विन पुलासारखं दिसतंय," म्हणाली. सांगलीचा आयर्विन पूल दगडी कमानींचा आहे आणि हा लोखंडी सांगाड्याचा, पण पूल दोन्ही 1929 चेच. हे मला नंतर लक्षात आलं आणि तिला फोन करून सांगितलं.

आत कोर्टावर डेनी क्रम यांचं नाव आहे. 1971 ते 2001 अशी तीस वर्षं ते इथले प्रशिक्षक होते, 1980 आणि 1986 ची राष्ट्रीय विजेतेपदं त्यांचीच. 2023 मध्ये ते गेले. या गावात त्यांचं नाव काढलं की साठीतली माणसं आजही आवाज खाली आणून बोलतात. तिसरं विजेतेपद 2013 चं, त्यांच्यानंतरचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्या काळातलं. नियमभंगाच्या प्रकरणात एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने, ते फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द केलं आणि त्याचा झेंडा छताखालून उतरवावा लागला. माझी लेक तेव्हा लहान होती. "जिंकले होते ना, मग काढलं का?" हा तिचा प्रश्न मला अजून आठवतो.

वरच्या माळ्यावरच्या खुर्च्या चढावर आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या रांगा घ्याव्यात. पण दिसतं मात्र स्वच्छ. माझ्या मते कोपऱ्यातल्या स्वस्त जागेपेक्षा वरच्या माळ्यावर, कोर्टाच्या मध्यरेषेसमोर, पहिल्या सहा-सात रांगांत बसणं केव्हाही चांगलं. तिथून दोन्ही संघांची मांडणी दिसते, कोण कुणाला अडवतंय, बचाव केव्हा बदलला, सगळं कळतं. मी आणि लेक तिथेच बसतो. ती शाळेच्या संघात गार्ड खेळते. खेळ शिकायचा असेल तर यापेक्षा चांगला वर्ग नाही.

आता आईच्या "मग?" कडे येते.

2010 पर्यंत युनिव्हर्सिटी ऑफ लुईव्हिलचा कार्डिनल्स संघ फ्रीडम हॉलमध्ये खेळायचा. ते राज्याच्या जत्रा मैदानावरचं 1956 चं सभागृह, तिथेही 18,000 च्या वर माणसं बसायची. जुनं होतं, पण भरायचं. मग गावाच्या मध्यवस्तीला नवं जीवदान द्यायचं म्हणून नदीकाठी नवं सभागृह बांधायचं ठरलं. बांधकामाचा खर्च 23 कोटी 80 लाख डॉलर. त्यासाठी लुईव्हिल अरेना अथॉरिटी नावाची ना-नफा संस्था उभी केली आणि तिने 2008 मध्ये सुमारे 34 कोटी 90 लाख डॉलरचे कर्जरोखे विकले. म्हणजे मालक अथॉरिटी, कर्जदारही अथॉरिटी, आणि विद्यापीठ भाडेकरू.

मग कर्ज फेडायचं कशातून? तीन झरे धरले होते. पहिला, इमारतीची स्वतःची कमाई, ज्यात नावाचे पैसेही आले. केएफसीची मालक कंपनी यम! ब्रँड्स, तिचं मुख्यालय याच गावात आहे, त्यांनी दहा वर्षांसाठी 1 कोटी 35 लाख डॉलर दिले. दुसरा, शहराने दिलेली हमी, सुरुवातीला वर्षाला 65 लाखांपासून 98 लाख डॉलरपर्यंत. आणि तिसरा, ज्यावर सगळा डोलारा उभा होता, तो म्हणजे वाढीव कर.

हा वाढीव कराचा प्रकार मी आईला चमचे-वाट्या मांडून समजावला. समजा गावातल्या एका भागातून राज्याला आज शंभर रुपये कर येतो. तिथे तुम्ही सभागृह बांधलंत. त्यामुळे हॉटेलं निघाली, दुकानं निघाली, जागांचे भाव चढले, आणि पुढे तिथून एकशे वीस येऊ लागले. त्या वरच्या विसातला मोठा हिस्सा सरकारने स्वतःकडे न ठेवता सभागृहाच्या कर्जासाठी द्यायचा. ऐकायला छान वाटतं, कुणाच्याच खिशातून जात नाही असं वाटतं. केंटकीत विक्रीकर 6 टक्के आहे. सामन्याआधी आम्ही मेन स्ट्रीटवर जेवलो तर त्या बिलावरचा करही, ती वाढ धरली गेली तर, या हिशेबात येतो.

"आणि विसाच्या ऐवजी पाचच आले तर?" आईने विचारलं.

माझी आई सांगलीत बावीस वर्षं महिला बचत गटाची खजिनदार आहे. तिला चमच्या-वाट्यांची फारशी गरज नव्हती.

नेमकं तेच झालं. रोखे विकले 2008 मध्ये, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मंदीने सगळ्यांचं कंबरडं मोडलं. कराचा भाग सुरुवातीला सहा चौरस मैलांचा आखला होता. मोठा भाग, मोठी वाढ, असा विचार. पण त्या सहा मैलांतल्या इतर ठिकाणी धंदे आटले की मध्यवस्तीत झालेली वाढ त्यात बुडून जायची. शेवटी तो भाग कापून दोन चौरस मैलांवर आणावा लागला. तरीही जमा अंदाजापेक्षा कमीच राहिली, आणि पतमापन संस्थांनी रोख्यांचा दर्जा उतरवत गुंतवणुकीच्या पातळीखाली नेला. शहराला हमीची रक्कम वरच्या टोकाने भरावी लागत होती. कुठल्याही नगरपालिकेच्या हिशेबात हे दिसलं असतं तर मी अहवालात लाल शाईने लिहिलं असतं.

आता याच काळात समोरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, वहीत काय होतं ते बघा. 2012 मध्ये फोर्ब्सने कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वांत मौल्यवान संघांची यादी केली, त्यात पहिला क्रमांक लुईव्हिलचा. ड्यूक नाही, नॉर्थ कॅरोलायना नाही, शेजारचं केंटकी विद्यापीठ नाही. बास्केटबॉलचं उत्पन्न वर्षाला 4 कोटी डॉलरच्या घरात, आणि त्यातला मोठा भाग खर्च वजा जाता शिल्लक. देशातला सर्वांत फायदेशीर कॉलेज संघ म्हणून गावात अभिमान होता. मीही तो बाळगला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिकिटं विकली जात होती, लोक येत होते.

पण तो नफा कुठून येत होता हे भाडेकरारात लिहिलेलं होतं. आलिशान कक्षांच्या उत्पन्नातला फार मोठा वाटा विद्यापीठाला. सामन्याच्या रात्रीच्या खाण्यापिण्याच्या विक्रीतला निम्मा वाटा विद्यापीठाला. तारखा निवडण्याचा पहिला हक्कही विद्यापीठाला. आणि बांधकामाच्या कर्जाचा हप्ता विद्यापीठाच्या वहीत येतच नव्हता, कारण कर्ज त्यांचं नव्हतंच. घराचा हप्ता दुसऱ्याच्या नावावर असेल तर कुठल्याही संसारात महिनाअखेर शिल्लक दिसते. संघाला मी कमी लेखत नाही. मात्र "सर्वांत फायदेशीर" हे शब्द ज्या वहीवर लिहिले होते, त्या वहीचं अर्धं पान दुसऱ्या कार्यालयात होतं, आणि दोन्ही पानं एकत्र ठेवून वाचणारे फार थोडे होते.

"म्हणजे शहर जामीन राहिलं आणि जेवण दुसऱ्याच्या घरी," आई म्हणाली. "जामिनाला निदान जेवायला तरी बोलावतात का?"

2017 मध्ये थोडंफार बोलावलं. त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने वाढीव कराची 20 वर्षांची मुदत 45 वर्षांची केली. शहराने आपला वार्षिक वाटा वाढवून सुमारे 1 कोटी 8 लाख डॉलर केला. आणि विद्यापीठाने आधीच्या भाड्याशिवाय वर्षाला 24 लाख 20 हजार डॉलर जास्त द्यायचं मान्य केलं. मग जुने रोखे फेडून नवे काढले, आणि हप्ता झेपेल असा झाला. त्याआधी 2012 मध्ये इमारतीचं व्यवस्थापन राज्याच्या जत्रा मंडळाकडून काढून एईजी या व्यावसायिक कंपनीकडे दिलं होतं, त्यानेही जागा सावरली. मोठ्या गायकांचे कार्यक्रम वाढले. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण इतकी मोठी जागा वर्षातल्या विसेक सामन्यांच्या रात्रींवर जगू शकत नाही. उरलेल्या रात्री दिवे लागले पाहिजेत.

माझं मत विचाराल तर 24 लाख 20 हजार हे कमीच आहे. चार कोटी मिळवणाऱ्या भाडेकरूला ते जड नव्हतं, आणि ते पहिल्या करारातच असायला हवं होतं. पण न दिल्यापेक्षा दिलं हे चांगलं, आणि करार पुन्हा उघडायला लावणाऱ्या माणसांनी गावाचं भलं केलं.

मग वाईट वर्षं आली, आणि हिशेबाची दुसरी बाजू मी प्रेक्षक म्हणून डोळ्यांनी पाहिली.

पिटिनोंना 2017 मध्ये पदावरून काढलं. त्यांच्यानंतर आलेले ख्रिस मॅक 2022 च्या जानेवारीत हंगामाच्या मध्येच बाहेर पडले. मग केनी पेन आले, 1986 च्या विजेत्या संघातला खेळाडू, याच विद्यापीठाचा माणूस. मलाही वाटलं होतं की हे जमेल. पहिल्या हंगामात चार विजय आणि अठ्ठावीस पराभव. दुसऱ्यात आठ आणि चोवीस. त्या दोन हिवाळ्यांत मी पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावरून सात-आठ डॉलरला तिकिटं घेतली आहेत. शेवटच्या पानावर त्या संकेतस्थळाने त्यावर जवळजवळ तेवढंच सेवाशुल्क लावलं, आधी कुठेच न दाखवता. तो राग अजून आहे. पण आत गेल्यावर राग विसरले, कारण वरचा अख्खा माळा रिकामा होता. हजारो लाल खुर्च्या आणि एकही माणूस नाही. बॉल टप्पा खाताना त्याचा आवाज घुमून परत यायचा. लेक म्हणाली, "आई, आमच्या शाळेत यापेक्षा जास्त ओरडतात गं."

त्या रात्री मी मनात हिशेब करत बसले होते. तिकीट विकलं गेलं नाही, तर विद्यापीठाचं नुकसान. माणूस आलाच नाही, तर खाण्यापिण्याची विक्री नाही, म्हणजे दोघांचं नुकसान. तो मेन स्ट्रीटवर जेवला नाही, तर विक्रीकरही नाही. आणि रोख्यांचा हप्ता मात्र जिंकलेल्या वर्षी जेवढा, हरलेल्या वर्षीही तेवढाच. कॉलेजच्या संघाची कमाई वीस वर्षांच्या पोरांच्या खेळावर आणि एका प्रशिक्षकावर टांगलेली असते. तिच्यावर तीस-चाळीस वर्षांचं कर्ज उभं करायचं तर जामीनदार कुणीतरी लागतोच.

कॉलेज बास्केटबॉलचा पैसा येतो तरी कुठून, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे अशी व्यवस्थाच नाही. तिकीट हा त्यातला फक्त दिसणारा भाग. चांगल्या जागेचं हंगामी तिकीट हवं असेल तर आधी विद्यापीठाच्या क्रीडा निधीला देणगी द्यावी लागते, दरवर्षी, आणि तिकिटाचे पैसे वेगळे. 2017 पर्यंत त्या देणगीतल्या 80 टक्के रकमेवर करसवलत मिळायची. त्या वर्षीच्या करकायद्याने ती काढून टाकली. माझ्या मते योग्य केलं, खुर्ची विकत घेण्याला दान म्हणू नये. शिवाय दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे परिषदेमार्फत, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटामार्फत, येतात. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामना सोडून संघ जितके सामने खेळेल तितके वाटे त्याच्या परिषदेला मिळतात, एकेका वाट्याचे पुढची सहा वर्षं मिळून साधारण वीस लाख डॉलर होतात. म्हणून मार्चमध्ये एखादा सामना हरला की चाहते रडतात, आणि लेखा विभागातली माणसंही.

नोव्हेंबर-डिसेंबरमधले सामने हा तर वेगळाच व्यवहार. लहान कॉलेजांचे संघ इथे येतात, बहुतेक वेळा मोठ्या फरकाने हरतात आणि धनादेश घेऊन परत जातात. एका रात्रीचे ऐंशी हजार ते लाख डॉलर हा भाव सर्रास आहे. त्या पैशांवर त्या कॉलेजचा क्रीडा विभाग चालतो. मोठ्या संघाला घरचा सामना मिळतो आणि दाराशी तिकिटांचे पैसे. मी या सामन्यांना आवर्जून जाते. तिकीट स्वस्त असतं, मुलांना पुढे बसता येतं, आणि पाहुण्या संघातली पोरं जीव तोडून खेळतात. नवख्यांनी सुरुवात इथून करावी.

इतकी शिल्लक राहूनही विद्यापीठ श्रीमंत होत नाही. बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये उरलेलं पोहणं, हॉकी, नौकानयन, टेनिस अशा वीसेक खेळांवर खर्च होतं. त्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने चित्र आणखी पालटलं. आता विद्यापीठं आपल्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, 2025-26 या वर्षासाठी कमाल मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर. मला याचा मनापासून आनंद आहे. ज्यांच्यामुळे 22,000 माणसं येतात त्यांना इतकी वर्षं शिष्यवृत्तीवर भागवायला लावलं, ते चूक होतं. पण वहीत नवा मोठा खर्च आला, आणि भाडेकरूचा हात आखडला तर घरमालकाचं काय, याची मला काळजी आहे.

इतरत्र काय आहे? तासाभराच्या रस्त्यावर लेक्सिंग्टनला केंटकी विद्यापीठाच्या संघाचं घर आहे, रप अरेना, 1976 चं. तेही विद्यापीठाचं नाही, शहराच्या संस्थेचं आहे. तिथे अलीकडे वरच्या बाकांच्या जागी पाठीच्या खुर्च्या बसवल्या आणि जागा 23,000 वरून साधारण 20,500 वर आणल्या. जागा कमी, पण बसायला बरं. उत्तरेकडे दोन तासांवर इंडियानापोलिसला बटलर विद्यापीठाचं हिंकल फील्डहाऊस आहे. मला सगळ्यांत प्रिय तेच. 1928 चं बांधकाम, उंच कमानी छत, आणि दुपारच्या सामन्याला खिडक्यांतून कोर्टावर ऊन पडतं. ते गावातल्या व्यावसायिकांच्या मंडळाने पैसे घालून बांधलं, आणि राज्याच्या शालेय संघटनेने आपले अंतिम सामने तिथे भरवायचं ठरवलं म्हणून ते परवडलं. कॉलेजच्या घराला शाळेच्या पोरांनी आधार दिला. पूर्वी तिथे 15,000 माणसं बसायची, आता साधारण नऊ हजार. याच बटलरचा संघ नोव्हेंबर 2010 मध्ये यम! सेंटरच्या पहिल्या अधिकृत सामन्याला पाहुणा होता. लुईव्हिलने तो 88-73 असा जिंकला.

नऊ हजारांचं घर फेडलेलं असलं तर रिकाम्या हंगामातही झोप लागते. बावीस हजारांचं घर भरलं तर जो गजर होतो तो नऊ हजारांत होत नाही, हेही मी मान्य करते. आणि तो गजर मी ऐकला आहे.

डिसेंबर 2024 मध्ये महिलांच्या व्हॉलीबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना इथे झाला आणि लुईव्हिलच्या मुली त्यात पोचल्या. त्या दिवशी 21,860 माणसं होती. बंदिस्त सभागृहातल्या महिला कॉलेज व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्याला तोवर इतकी गर्दी कधी झाली नव्हती. पेन स्टेट 3-1 ने जिंकलं. आम्ही हरलो, आणि लेकीचा घसा बसला. माझ्या कॉलेजात मुलींच्या सामन्याला टाळ्या वाजवायला आठ-दहा मैत्रिणी असायच्या, त्यातल्याही निम्म्या राखीव खेळाडू. एकवीस हजार माणसं मुलींसाठी उभी राहून ओरडताना बघून मी रडले. ज्यांनी 2008 मध्ये कर्ज काढून एवढं मोठं घर बांधलं, त्यांचे त्या दिवशी मी मनातल्या मनात आभार मानले. कराराबद्दलची माझी तक्रार कायम आहे, तरीही मानले.

आणि पुरुषांचा संघही सावरला. नवे प्रशिक्षक पॅट केल्सी 2024 मध्ये आले आणि पहिल्याच हंगामात 27 सामने जिंकले. आईला नेलं तो त्याच हंगामातला सामना होता. वरचा माळा पुन्हा लाल दिसत होता. तिकिटाला आम्ही प्रत्येकी चोवीस डॉलर दिले. आईने ते रुपयांत मोजलं, गप्प बसली, आणि दुसऱ्या अर्धात कुणीतरी तीन गुणांची बास्केट केली तेव्हा सगळ्यांबरोबर उठून उभी राहिली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गाडी मेन स्ट्रीटपासून चार-पाच चौक लांब लावा आणि चालत या, परतताना अर्धा तास वाचतो. थंडीत टोपी विसरू नका, नदीचा वारा वाईट आहे. पहिल्यांदा जात असाल तर डिसेंबरमधला सामना घ्या. लहान मुली असतील तर महिला बास्केटबॉलचा सामना नक्की घ्या. याच कोर्टावर होतो, तिकीट कमी, खेळ उत्तम, आणि बघायला येणाऱ्यांत आजी-आजोबा पुष्कळ. माझे गुण: बघण्याला पाचपैकी पाच, बसण्याला चार, 2008 च्या भाडेकराराला दोन, 2017 च्या दुरुस्तीला साडेतीन.

गेल्या रविवारी आईचा सांगलीहून फोन आला. गटाची बैठक नुकतीच संपली होती, बायका मागे बोलत होत्या. लेकीची चौकशी झाली, थंडी पडली का विचारून झालं. मग म्हणाली, "अगं, त्या काचेच्या घराचा हप्ता अजून किती वर्षं आहे म्हणालीस? इथे सगळ्या विचारतायत." कराची मुदत 45 वर्षांची केली आहे, असं मी सांगितलं. पलीकडे तिने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं.